मँगोस्टीनची आणेवारी

सरकारी नोकरीतून निवृत्त होणाऱ्या मनुष्याने उर्वरित आयुष्य कोठे आणि कसे घालवावे यासंबंधी धर्मशास्त्राने वानप्रस्थाश्रमाची जी तरतूद करून ठेवली आहे, ती कोकणातल्या मनुष्याच्या बाबतीत वेगळा हुकूम निघाल्यावाचूनच अमलात येते. कारण पेन्शनीचे कागद हाती पडताच तो गावच्या घरी परततो, आणि गावचे घर बहुधा वनातच असते. तेथे पहिल्या महिन्यात तो घर शाकारून घेतो, दुसऱ्या महिन्यात गडग्याच्या हद्दीवरून भाऊबंदांशी शब्दाला शब्द वाढवतो, आणि या दोन्ही उद्योगांनी आयुष्याची सायंकाळ म्हणावी तशी रंगत नाही असे ध्यानी आले, म्हणजे तिसऱ्या महिन्यात पंचक्रोशीत कोणापाशी नाही असे एखादे फळझाड लावण्याच्या नादी लागतो. हे झाड तो फळ खाण्यासाठी लावतो अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. फळ खायचे असेल तर बाजार आहे, शेजारी आहेत, आणि शेजारी दुपारी झोपतात हीही एक सोय आहे. झाड लावायचे ते पाहुण्याला वाडी दाखविताना एका विवक्षित जागी थबकून, आवाज किंचित खाली आणून, "हे मात्र आपल्याकडे सहसा होत नाही," असे म्हणता यावे म्हणून.

मी दापोली तालुक्यातला. मामलेदार कचेरीत उमेदवार म्हणून शिरून अव्वल कारकून म्हणून 2007 साली बाहेर पडलो, तेव्हा आमच्या वाडीत नारळ होते, पोफळी होत्या, एक कापा आणि एक बरका असे परस्परांशी अबोला धरलेले दोन फणस होते, आजोबांच्या हातचा नीरफणस होता, जाम, बिमली आणि रामफळ होते, आणि गडग्याकडेला कोणी न लावता, कोणी न शिंपता आणि कोणाची परवानगी न घेता वाढलेली रातांब्याची सहा-सात झाडे होती. यांपैकी एकाही झाडापुढे थबकण्याजोगे काही नव्हते. त्यातच शेजारच्या नानांनी रंबुतान आणून लावले आणि त्याच्या केसाळ फळांचे वर्णन ते येणाऱ्याजाणाऱ्याला, झाड गुडघ्याएवढे असतानाच, ऐकवू लागले. त्यावर मात करील असे फळ कोणते याचा मी पुस्तके चाळून शोध घेतला, आणि ज्याला जगभर फळांची राणी म्हणतात त्या मँगोस्टीनवर माझी नजर स्थिरावली.

नावापासूनच अडचणींना आरंभ झाला. आमच्या वाडवडिलांनी परदेशी फळांना घरात घेताना जे औदार्य दाखविले त्याला इतिहासात तोड नाही. सीताफळ आणि रामफळ ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. पण येथे येऊन ती अशी काही रुळली की त्यांना थेट रामायणात वतन मिळाले, आणि पुढे त्याच कुळातली आणखी फळे आली तेव्हा लक्ष्मणफळ, हनुमानफळ अशी नावे देऊन पंचायतनही जवळजवळ पुरे करण्यात आले. काजू आणि अननस यांनी आपली अमेरिकेतली नावे पोर्तुगिजांच्या जिभेवरून इकडे आणली, पण त्यांनाही कोणी परके मानीत नाही. अननसाला तर आमच्या लग्नाच्या जेवणावळींत शिऱ्यात मानाचे पान मिळते. मँगोस्टीनच्या वाट्याला मात्र असे काही आले नाही. मूळच्या मलायी 'मंगिस'चे युरोपियनांच्या तोंडी मँगोस्टीन झाले आणि तेथेच त्याचे बारसे संपले. परिणामी हे नाव ऐकणारा प्रत्येक मनुष्य, वय, शिक्षण आणि जात कोणतीही असो, प्रथम एकच प्रश्न विचारतो, "म्हणजे आंब्याचीच एक जात ना?" आंब्याचा आणि याचा संबंध मामलेदाराचा आणि मामाचा असतो तितकाच आहे, हे मी पहिली दोन वर्षे समजावून सांगत असे, नंतर सोडून दिले.

खरा संबंध निराळाच निघाला, आणि तो कळल्यावर मी काही काळ अंतर्मुख झालो. वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरात मँगोस्टीनची नोंद गार्सिनिया या खात्यात आहे. आणि त्याच खात्यात, काही ओळी सोडून, आमचा रातांबा, म्हणजेच कोकम, गोव्याचे भिरंड, सहहिस्सेदार म्हणून दाखल आहे. गार्सिनिया हे नाव गोव्यात राहून 1563 साली तेथेच औषधींवरचा ग्रंथ छापणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यावरून पडले असणार, असे नानांनी छातीठोकपणे सांगितले. ते 1753 साली लिनियसने लॉरँ गार्सँ नावाच्या, डच कंपनीच्या नोकरीत पूर्वेकडची बेटे हिंडून मँगोस्टीनचे वर्णन करणाऱ्या दुसऱ्याच एका वैद्याच्या सन्मानार्थ ठेवले आहे, हे मी पुस्तक काढून दाखविले. नाना म्हणाले, "लिहिणाऱ्याचा घोटाळा झाला असेल." कारकुनाच्या पेशात आयुष्य घालविलेल्या मनुष्यापुढे हा युक्तिवाद करणे म्हणजे त्याला निरुत्तर करणेच होय.

तर सांगायचे ते असे की, ज्या झाडाची फळे आम्ही टोपलीने तोडतो, साली आमसुलांना घालतो, बिया तेलाला देतो आणि उरलेली वाटेवर तुडवतो, त्या झाडाची चुलत बहीण ही जगातली राणी निघाली. घराण्यात एक शाखा दरबारी आणि दुसरी स्वयंपाकघरात राबणारी, हा प्रकार कोकणात अपरिचित नाही. दोघींच्या गृहस्थितीत मात्र जमीनअस्मानाचे अंतर. रातांब्यात नर झाड निराळे आणि मादी झाड निराळे. बी पेरून सहा-सात वर्षे वाढविल्यावर ज्या दिवशी फूल येते त्या दिवशी आपण फळझाड पोसले की नुसता पाहुणा पोसला याचा निकाल लागतो, आणि हा निकाल निम्म्या वेळा मालकाच्या विरुद्ध जातो. म्हणूनच जाणते लोक रोपांऐवजी मादी झाडावरची कलमे लावतात. मँगोस्टीनने हा वादच निकालात काढला आहे. या जातीत पुरुष नाहीच. सगळी झाडे स्त्रिया, फळ परागाच्या मध्यस्थीवाचून धरते, आणि त्यातले बी हे शास्त्राच्या काटेकोर भाषेत बीच नव्हे, आईच्याच पेशींतून उगवलेला अंकुर. सबब प्रत्येक रोप म्हणजे मूळ झाडाची अस्सलबरहुकूम नक्कल. पस्तीस वर्षे नकला रुजू करून त्यांवर सही ठोकणाऱ्या माझ्यासारख्याला ही व्यवस्था अत्यंत पसंत पडली.

पहिले रोप मी एका रोपवाटिकेतून, साडेतीनशे रुपये रोख मोजून आणले. रोपवाटिकेचे नाव येथे घेत नाही. मालक मनुष्य गोड होता, आणि त्याने ज्या श्रद्धेने ते रोप माझ्या हाती ठेवले ती पाहता त्याचीही फसगत झाली असणे अशक्य नाही. रोप घरी आले, मुहूर्त पाहून खड्ड्यात गेले, आणि त्याची वाढ पाहून माझे डोळे दिपले. पुस्तकात मँगोस्टीनच्या मंद गतीविषयी जे लिहिले आहे ते लिहिणाऱ्यांच्या हातगुणामुळे असावे असे मी सौभाग्यवतीला बोलूनही दाखविले. तीन वर्षांत ते पुरुषभर उंच झाले. एके दिवशी आमचा गडी, जो तोवर त्याला निमूटपणे पाणी घालीत होता, कोयता टेकून म्हणाला, "भाऊसाहेब, या रातांब्याला एवढी माया कशाला? गडग्याखाली पन्नास उपटून टाकतो मी दर साल." मी त्याला गप्प बसविले, पाने तोडली, गडग्याकडच्या पानांशी ताडून पाहिली, आणि घरात येऊन पाणी प्यालो. पुस्तकात मँगोस्टीनचे पान वीतभर, जाडजूड आणि चकचकीत सांगितले होते. या दोन्ही पानांत पुस्तकाशी जुळणारे काही नव्हते आणि परस्परांशी न जुळणारेही काही नव्हते. ते झाड मी तोडले नाही. साडेतीनशे रुपयांची वस्तू कोण तोडतो? पुढे चार वर्षांनी ते फुलले, आणि नर निघाले.

या आपत्तीची वार्ता आमच्या मेहुण्यांच्या कानी गेली. ते त्या वेळी कोइमतूरला नोकरीस होते. निलगिरीवर चढणाऱ्या कुन्नूरच्या घाटात बर्लियार आणि कल्लार येथे इंग्रजी अमदानीपासूनच्या सरकारी बागा आहेत. पावसाळ्याच्या तोंडी तेथे रस्त्याकडेला मँगोस्टीन विकायला बसतात. मेहुण्यांनी 2010 सालच्या जुलैत तेथून फळे घेतली, त्यांतली बरीचशी वाटेत खाल्ली, आणि कर्तव्यबुद्धीने बिया तेवढ्या ओल्या फडक्यात आणि केळीच्या पानात गुंडाळून कोकण रेल्वेने आणून माझ्या हवाली केल्या. मँगोस्टीनच्या बीचा स्वभाव जहागीरदाराच्या मुलासारखा असतो. ते सुकले की संपले. गव्हाचे वा पावट्याचे बी जसे मडक्यात घालून पुढच्या सालासाठी ठेवता येते तसे याला ठेवता येत नाही, फळातून निघाल्यावर आठवड्याच्या आत मातीत गेले पाहिजे. मी मेहुण्यांना चहा देण्यापूर्वी बिया पेरल्या, आणि ही गोष्ट ते अद्याप चारचौघांत सांगतात. सहा बिया होत्या. फळात पाकळ्या पाच-सहा किंवा क्वचित आठही असल्या तरी बी एखाद्या मोठ्या पाकळीतच असते. त्यावरून मेहुण्यांनी वाटेत किती फळे फस्त केली असावीत याचा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि मनातच ठेवला.

तीन आठवड्यांनी चार बिया उगवल्या. एक गोगलगायीने नेली, एक कुजली, एक नानांनी 'बघू' म्हणून हातात घेतली तेव्हा पडली. उरलेल्या एकुलत्या एका रोपाला दोन पाने होती, आणि दोनच पाने घेऊन ते पुढले कित्येक महिने, जणू पुढील हुकुमाची वाट पाहत, उभे राहिले. मग एके दिवशी शेंड्याला तांबूस रंगाची आणखी दोन पाने फुटली. मग पुन्हा शांतता. दोन वर्षे सरली तेव्हा त्याची उंची माझ्या कचेरीतल्या फूटपट्टीने मोजता येण्याजोगी होती, आणि पट्टी थोडी उरतही होती. वरती काही घडत नसताना खाली मात्र त्याने एक सोटमूळ सरळ पाताळाच्या दिशेने सोडले होते, आणि त्या मुळाला इकडेतिकडे फुटवे जवळजवळ नव्हते. त्यामुळे पिशवीतून काढून जमिनीत लावताना मुळाला धक्का लागला तर सारा मामला खलास. ती शस्त्रक्रिया मी, गडी आणि सौभाग्यवती अशा तिघांनी श्वास रोखून पार पाडली. मला आजवर एवढ्या सावधपणे कोणीही उचललेले नाही.

या बालिकेला पहिली काही वर्षे ऊन चालत नाही. म्हणून तिच्या भोवती चार मेढी पुरून मी वर झावळ्यांचा मांडव घातला. मांडव पाहून गावातून जाणारे गुरुजी आत डोकावले आणि मुंज कोणाची म्हणून विचारते झाले. मी रोप दाखविले. त्यांनी वाकून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि "मोठी होईल हो," असा ज्या स्वरात आशीर्वाद दिला तो स्वर सहसा दवाखान्यात ऐकू येतो.

परंतु सर्वांत बिकट प्रश्न पाण्याचा. मँगोस्टीनला पाऊस भरपूर लागतो हे वाचून मी निर्धास्त होतो, कारण आमच्याकडे सालाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि या बाबतीत आम्ही कोणाचे मिंधे नाही. तो पाऊस सालभर वाटून पडावा लागतो, ही अट पुस्तकात पुढल्या पानावर होती. आमचा पाऊस चार महिन्यांत सारी बाकी एकरकमी चुकती करतो आणि उरलेले आठ महिने तोंड दाखवीत नाही. मलाया-जाव्याकडे, किंवा आपल्या इकडे केरळात चालकुडीच्या नदीकाठी परियारमच्या आसपास, जेथे घराघरांत या झाडांनी पिढ्या पाहिल्या आहेत, तेथे हवेतच ओलावा असतो. आमच्याकडे फाल्गुनात विहिरीचा तळ आणि मनुष्याचा स्वभाव दोन्ही दिसू लागतात. अशा दिवसांत मी सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन कळशा मँगोस्टीनला बांधून दिल्या. घरात कुरकूर सुरू झाली. धुण्याच्या पाण्यावर आधी नजर गेली, मग आंघोळीच्या. शेवटी एके दिवशी पाहुण्याला हात धुवायला पाणी नाही आणि मी कळशी घेऊन परसात निघालो आहे, असा प्रसंग आला.

त्या वेळी मला बाऊंटी जहाजाच्या कप्तानाची कथा आठवली. ब्लाय नावाचा हा कप्तान ताहिती बेटावरून नीरफणसाची हजाराहून अधिक रोपे घेऊन वेस्ट इंडीजकडे निघाला होता. तेथल्या मळेवाल्यांना गुलामांसाठी स्वस्त अन्न हवे होते. 28 एप्रिल 1789 रोजी जहाजावर बंड झाले. रोपांना पाणी आणि खलाशांना मात्र तहान, या न्यायाने माणसे बिथरली असे सांगतात. इतिहासकार आणखीही कारणे देतात, पण फाल्गुन महिन्यात कोकणात राहिलेल्या मनुष्याला आणखी कारणांची आवश्यकता भासत नाही. बंडखोरांनी कप्तानाला अठरा माणसांनिशी एका उघड्या नावेत सोडून दिले आणि रोपे समुद्रात फेकली. कप्तान पट्टीचा; तो वल्ही मारीत तिमोरला पोचला, पुन्हा मोहीम काढून 1793 साली नीरफणस वेस्ट इंडीजला नेऊन लावलाच, आणि ज्यांच्यासाठी नेला त्यांना तो प्रथम मुळीच आवडला नाही. आमच्या घरी नीरफणसाची रव्यात घोळून तळलेली कापे झाली, की मी ही कथा सांगत असे. त्या दिवशी सांगू लागलो तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "बंड करणाऱ्यांची नावं ठेवलीत का कुठे लिहून?" दुसऱ्या दिवसापासून मँगोस्टीनची एक कळशी कमी झाली आणि तिच्या जागी भाज्या धुतलेले पाणी मंजूर झाले. मोरीचे पाणी देण्याच्या सूचनेवर मी हरकत नोंदविली, ती मान्य झाली.

अशी वर्षे गेली. झाड वाढले नाही असे मी म्हणणार नाही, वाढत असावे. परंतु माझे वजन मात्र निःसंशय वाढले. तालुक्याच्या ठिकाणी 'मँगोस्टीनवाले' ही माझी ओळख झाली. पाहुण्यांना घेऊन मी त्या मांडवापुढे थबके, आवाज खाली आणी, आणि त्यांना सांगे की 1855 साली इंग्लंडात काचघरात शेकोट्या पेटवून याची फळे धरविली होती. की व्हिक्टोरिया राणीने हे फळ ताजे आणून देणाऱ्यास शंभर पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. या दुसऱ्या गोष्टीला दस्तऐवजाचा आधार नाही. कचेरीत असतो तर मी ती पुराव्याअभावी दाखल-दफ्तर केली असती. वाडीत पुराव्याचा कायदा लागू होत नाही. पाहुणे विचारीत, "फळ कधी धरेल?" मी उत्तर देई, "सात-आठ वर्षे लागतातच, पंधराही लागतात." आणि दरवर्षी ही मुदत मी बिनतक्रार वाढवून देत असे. पिकाची आणेवारी काढण्याचे काम मी उभ्या जन्मात केले. हल्ली तिला पैसेवारी म्हणतात, पण पैशाने आण्याची जागा घेतल्यामुळे पीक सुधारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आमच्या मँगोस्टीनची आणेवारी सलग बारा वर्षे शून्य लागली. नानांच्या रंबुतानाला मधल्या काळात फळे येऊन गेली. ती आंबट होती, असे माझे प्रामाणिक मत आहे.

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ आले. त्या दिवसाविषयी विनोदाने लिहिणे मला जमणार नाही. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत शेकडो वाड्या दुपारच्या चार तासांत आडव्या झाल्या. आमचे नारळ गेले, निम्म्या पोफळी गेल्या, कापा फणस मुळासकट उलथून विहिरीच्या कठड्यावर पडला, आणि आजोबांचा नीरफणस मधोमध चिरला. संध्याकाळी वारा थांबल्यावर मी परसात गेलो, तेव्हा त्या साऱ्या पडझडीच्या मध्यभागी मँगोस्टीन जसेच्या तसे उभे होते. दहा वर्षांत ते माझ्या खांद्याच्या वर फारसे गेलेच नव्हते. वारा वरून निघून गेला. मांडव तेवढा नाना राहतात त्या दिशेला उडाला होता.

फणस पडल्यामुळे त्या कोपऱ्यात पहिल्यानेच भरपूर ऊन आले. तेच कारण घडले असावे; 2023 सालच्या माघात गड्याने हाक मारली. फांद्यांच्या टोकांना जाड, गुबगुबीत, तांबूस छटेची फुले होती. मी मोजली, अकरा. त्यांतली चार गळली आणि सात फळे धरली. तेव्हापासून सव्वाशे दिवसांची मुदत धरून मी रोजनामचा ठेवू लागलो. चैत्रात वानर आले. त्यांनी हिरवी फळे तोडली, प्रत्येकाचा एकेक चावा घेतला, आतून निघालेला पिवळा चीक तोंडाला लागताच तोंड वेडेवाकडे केले, आणि फळ फेकून दुसरे तोडले. अनुभवाने शहाणे होण्याच्या बाबतीत वानर आणि आम्ही यांत शास्त्रज्ञ म्हणतात तितका फरक नाही. पाच फळे होईपर्यंत त्यांना चीक प्रत्येकात असतो याचा उलगडा झाला नाही. मी जागेवर जाऊन पंचनामा केला. पंच म्हणून नाना होते. त्यांनी सही आनंदाने केली.

राहिलेल्या दोन फळांना जुन्या धोतराच्या पिशव्या बांधल्या. ज्येष्ठाच्या आरंभी ती जांभळी झाली. एक हाताला दगडासारखे लागले. आतल्या आत चीक साकळून ते कडक पडले होते, कोयत्यानेही धड फुटेना. तात्पर्य, अकरा फुलांमागे फळ एक. आणेवारी काढायची झाली तर रुपयास दीड आणा भरत नाही. पण पीक आले ही बाब निर्विवाद होती, आणि मी त्याच दिवशी पोस्टकार्डे टाकली. हल्ली दूरध्वनी करण्याची पद्धत आहे. मला बोलावणे लेखी केलेले बरे वाटते.

रविवारी मंडळी जमली. पुण्याहून मेहुणे आले, कारण बीज त्यांचे. नाना आले, कारण त्यांना न बोलविता ते आलेच असते. आत्याबाई आल्या, वय त्र्याऐंशी, दात तीन, आणि मते भरपूर. फळ चांदीच्या ताटलीत ठेवले होते. मी ते उलटे करून बुडाशी असलेले फुलाच्या आकाराचे चिन्ह सर्वांना दाखविले आणि सांगितले की या चिन्हाला जितक्या पाकळ्या, तितक्याच फोडी आत निघतात; निसर्गाने मालाची यादी बाहेर छापून ठेवली आहे, आणि अशी सचोटी मी पस्तीस वर्षांत एकाही ठेकेदारात पाहिली नाही. पाकळ्या सहा होत्या. मंडळी मोजली, मेहुणे, नाना, आत्याबाई, सौभाग्यवती, गुरुजी, गडी, आणि मी. सात.

फळ कापायचे ते मधोमध साल फिरवून, आतल्या गराला सुरी लागू न देता. सालीचा रस कपड्याला लागला तर त्याचा डाग धोब्याच्या तीन पिढ्यांना जात नाही. मी पांढरा सदरा घातला होता. ते असो. वरची टोपी उचलली तेव्हा जांभळ्या वाटीत सहा शुभ्र फोडी अशा बसल्या होत्या की क्षणभर कोणी बोलले नाही. मग सर्वांनी एकमेकांना आग्रह केला, आणि आग्रह संपेपर्यंत सहाही फोडी संपल्या होत्या. बी असलेली मोठी फोड मेहुण्यांकडे गेली. यजमानाने शेवटी घ्यावे हा आमच्या घरचा शिरस्ता. मी ताटली धरून उभा राहिलो.

"काय मऊ आहे हो!" गुरुजी म्हणाले. मेहुण्यांनी डोळे मिटून घेतले. नानांनी, लिचीसारखेच पण बरे, असा निकाल दिला. गड्याने फोड तोंडात टाकली आणि आणखी कोठे आहेत हे पाहण्यासाठी वाटीत डोकावले. आत्याबाईंनी आपली फोड बराच वेळ जिभेवर घोळविली. सोळा वर्षांच्या या प्रकरणाचा अंतिम निर्णय त्या देणार हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून सगळे थांबले.

"आपला रातांबाच की रे मेला," आत्याबाई म्हणाल्या. "आंबटपणा घालायचा तेवढा राहून गेलाय."

मंडळी गेल्यावर सालीच्या दोन वाट्या माझ्या हाती राहिल्या. मी त्या पुसून, कोरड्या करून, ओटीवरच्या फडताळात मुद्देमाल म्हणून मांडून ठेवल्या. पुढे कोणी पाहुणा आला तर तोंडी जबानीवर भागविण्याची पाळी येऊ नये. त्या दिवसांत सौभाग्यवतीची आमसुले चालू होती. रातांब्याच्या शेवटच्या साली खळ्यात तट्ट्यावर पसरल्या होत्या; त्यांना रसाचे पाचवे की सहावे पूट देऊन ती पावसाआधी काम उरकण्याच्या घाईत होती. तिसऱ्या दिवशी पाहतो तो फडताळ रिकामे. मी चौकशी केली. "पुसायला घेतलं होतं मी ते," एवढेच उत्तर मिळाले. मुद्देमाल गहाळ झाल्याची नोंद मी रोजनामच्यात केली आणि संशय नानांवर ठेवला.

आषाढात एके रात्री मुसळधार पाऊस लागला होता, दिवे गेले होते, आणि कंदिलाच्या उजेडात आम्ही दोघे जेवायला बसलो. गरम भात, त्यावर आमटी. पहिला घास घेतला आणि मी थांबलो. आमटीत गूळ होता, ओले खोबरे होते, आमसुलाचा आंबटपणाही होता. पण त्या सर्वांच्या मागून, जिभेच्या मुळाशी, काहीतरी अपरिचित, तुरट आणि काहीसे कडवट असे हळूहळू वर येत होते. मी वाटीत बोट फिरविले. तळाशी एक काळपट, जाड, आमसुलाहून दुप्पट जाड असा तुकडा लागला. तो मी कंदिलापाशी धरून पाहिला, पुन्हा वाटीत सोडला.

"बिघडलीय का आमटी?" सौभाग्यवतीने विचारले. "यंदाची आमसुलं मेली जरा तुरट वाटतायत."

"नाही," मी म्हणालो, आणि वाटी पुढे केली. "आणखी वाढ."